छतावरची हवा

गंजकी सळई हाताला लागली, तर आधी लिंबू चोळायचं, मग शिवी द्यायची.

ब्वेनोस आयरेसमध्ये एक बाई परक्या म्हातारीला सूप भरवते.

चारशे बारा पायऱ्या.

सोळा रिकाम्या बाटल्या, उपड्या.

लिमात छतावरची हवा विकता येते. कागदावर तसंच लिहितात: हवा.

*

बाटल्या सातुर्निनाच्या. छताच्या चार कोपऱ्यांतून चार-चार सळया वर निघाल्या होत्या. त्यांना धुक्यानं गंज चढू नये म्हणून तिनं टोकांवर बाटल्या घातल्या होत्या. टेकडीवर अशा सळया घराघराला असतात. घर पुरं झालं असं इथं कुणी म्हणत नाही.

तिच्या सळया लेकीच्या मजल्यासाठी होत्या. एडेल्मिरा परदेशी म्हाताऱ्यांची सेवा करायच्या कामाला गेली त्याला बावीस वर्षं झाली. ती फोटो पाठवायची, फोनवर ‘येते गं’ म्हणायची.

आता टेकडीवर केबल कार येणार होती, आणि आराखड्यातली तारांची रेघ नेमकी सातुर्निनाच्या छतावरून जात होती. घर पाडणार नव्हते. ‘वर कधीच काही बांधणार नाही’, म्हणजे छतावरची हवा सोडली, एवढी सही हवी होती. बाकी सगळ्यांच्या झाल्या होत्या.

“कोमाद्रे, हवेला कुलूप लावून बसलीयस तू,” शेजारची निकोलासा म्हणाली. तिच्या धाकट्या मुलाची बाप्तिस्म्यातली धर्ममाता सातुर्निना, म्हणून एकमेकींना कोमाद्रे. “माझा म्हातारा, एलिओदोरो, आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घ्यायला चारशे बारा पायऱ्या खाली जातो. खुर्चीत, चौघांच्या खांद्यावर. लोक विचारतात, आज कोण गेलं?”

“मग त्याला म्हणावं, जरा बारीक हो.”

“हसवू नकोस. सही कर.”

“लेक आली तर राहील कुठं?”

“तुझ्या पलंगावर. नाहीतर माझ्या. आधी येऊ तर दे तिला!”

सातुर्निना उठून कांदे चिरायला लागली. कांदे लागणार नव्हते.

*

गुरुवारी मोजणीचा माणूस आला. आबेलार्दो त्याचं नाव. नवे बूट, हातात छापील कागद.

मजले किती?

“दोन.”

आबेलार्दोनं मान वर केली. “मावशी, मला एकच दिसतोय.”

“तू खालून बघतोयस.”

तो शिडी चढला, मागोमाग ती. छतावर चुन्याच्या रेघा होत्या, आतली जमीन झाडून लख्ख.

“अरे, भिंतीतून कुठं चाललास? दार इकडं आहे.”

तो मागे फिरला आणि दारातून आत आला. बूटसुद्धा पुसले त्यानं.

“ही खोली. इथं पलंग. खिडकी समुद्राकडं, धुकं उठलं की दिसतो.”

“न्हाणीघर?”

“तेवढं बसत नाहीये. पाण्याला उतार मिळत नाही.”

आबेलार्दो उकिडवा बसला. वितीनं मोजलं. “मागच्या कोपऱ्यात घ्या. खालच्या मोरीवर बरोबर येईल.”

“अगं बाई! बावीस वर्षं कसं सुचलं नाही मला!”

दोघंही हसले. मग तो कशासाठी आलाय ते दोघांनाही एकदम आठवलं, आणि आबेलार्दो हातातले कागद नीट करू लागला.

*

खालून ओरडा आला. “टेका! टेका जरा!”

एलिओदोरोची खुर्ची वर येत होती. वीस पायऱ्या, मग विसावा. पुन्हा वीस. सातुर्निनानं कठड्यावरून वाकून पाहिलं. पुढच्या दोघांच्या माना लाल झाल्या होत्या. म्हातारा खुर्चीचे हात घट्ट धरून बसला होता. ती दिसताच त्यानं एक हात सोडला आणि टोपी उचलली.

ती आबेलार्दोकडं वळली.

“दे कागद,” ती म्हणाली.

*

सोडलेला हक्क: हवा.

“हे खोडून टाक.”

“मावशी, नियमात हाच शब्द आहे.”

“हवा सगळ्यांची असते, ती मी कशी देऊ? माझं जे आहे ते लिही. एक खोली. समुद्राकडं खिडकी. न्हाणीघर मागच्या कोपऱ्यात.”

चौकट लहान होती. त्यानं बारीक अक्षरात सगळं बसवलं. तिनं सही केली, आणि पेन आपल्याच खिशात घातलं. त्यानं मागितलं नाही.

संध्याकाळी तिनं ब्वेनोस आयरेसला फोन लावला.

“सही केली गं.”

“बरं केलंस, आई.” फार पटकन आलं ते. मग नुसता भांड्यांचा आवाज. “आई, खिडकी कुठल्या बाजूला होती?”

सातुर्निनानं सांगितलं. न्हाणीघराचंही सांगितलं, अगदी उतारासकट.

सोमवारी माणसं करवत घेऊन आली. सळया कापायला अर्धा तास लागला.

एडेल्मिराला उंचीची भीती वाटायची. घर सोडून गेली तोवर तिनं त्या शिडीवर एकदाही पाय ठेवला नव्हता.