एक कुत्रा जास्त

मावशीच्या घराला दारं दोन, खिडक्या सात. नऊच्या नऊ ठिकाणी साबणाच्या वडीएवढ्या पांढऱ्या डब्या चिकटवलेल्या, दार-खिडकी उघडली की चोर आल्याचं कळवणाऱ्या. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात हालचाल टिपणारा डोळा एक. भिंतीवर मुख्य पेटी एक. छताखाली भोंगा एक, एकशेदहा डेसिबलचा. जावयाच्या खिशात रिमोट एक. कुत्रा एक. जावयाच्या हिशेबात हा शेवटचा आकडा जास्त होता.

कुत्र्याचं नाव ढब्बू. वय झालेलं, ढेरी सुटलेली, रात्री एकदा पाणी प्यायला उठायची सवय. तो उठला की डोळ्याला दिसायचा, आणि डोळ्याला दिसला की भोंगा बोंबलून सगळी गल्ली जागी करायचा. यावर जावयाने उपाय काढला तो असा, की डोळा राहील, कुत्रा जाईल. प्राण्यांच्या आश्रमाची गाडी आज, रविवारी दुपारी यायची होती.

"शेजारी चोरी झाल्यापासून माझा डोळ्याला डोळा लागत नाही गं," मावशी भाचीला म्हणाली. ढब्बूच्या कांबळ्याची घडी तिने मोडली, पुन्हा घातली. "जावईबापू म्हणतात ते माझ्याच भल्याचं. पण याला तिथे कोण ओळखणार?"

भाची रेडिओ उपकरणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नुकतीच लागली होती. तिने सकाळीच एका डबीचं झाकण उघडून पाहिलं होतं. आत जेवढं डोकं वापरलं होतं, तेवढं दारावरच्या घंटीतही वापरतात.

जावई मात्र फाटकात उभा राहून प्रवचन देत होता. "हे बघ." त्याने बटण दाबलं, आत पेटी 'पीप' वाजली. "चालू." पुन्हा दाबलं. "बंद. चोर वायर कापायला जाईल, तर वायरच नाही!" हा विनोद त्याने सकाळपासून दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला आणि समोरच्या दोन घरांना ऐकवला होता, दर वेळी बटणासकट.

"भावोजी, रिमोट 'बंद' म्हणतो, ते दर वेळी त्याच शब्दांत?"

"मग काय, रोज नवी कविता करेल?"

"करायला हवी. नाहीतर रस्त्यावरचा कोणीही ऐकून पाठ करेल."

"लष्करी दर्जाचं आहे हे! खोक्यावर छापलंय."

छापलं होतं खरं. कोणतं लष्कर, ते छापलं नव्हतं.

भाचीने पर्समधून काड्यापेटीएवढं यंत्र काढलं. हवेतला रेडिओ संदेश टिपायचा आणि जसाच्या तसा परत सोडायचा, एवढंच त्याचं काम. "आणखी एकदा दाखवा ना, भावोजी."

भावोजींनी चार वेळा दाखवलं. हरभऱ्याच्या झाडावर चढायला त्याला शिडी लागत नसे.

"मावशी, तुझ्या घरात चोरी करू?"

"कर बाई. पण पाय पुसून ये, फरशी आत्ताच पुसलीय."

भाचीने आवाज मोजायचा मीटर दिवाणखान्याच्या टेबलावर ठेवला. मावशी ढब्बूला घेऊन शेजारच्या अंगणात गेली. जावयाने भोंग्याची यंत्रणा चालू केली आणि रिमोट मुठीत आवळून फाटकात उभा राहिला. भाची मागच्या दाराशी गेली. या दाराची जुनी कडी जावयानेच उपसून काढली होती, कारण डबीला जागा लागत होती. उरलेली खिटी चमच्याने सरकली. त्याआधी भाचीने यंत्राचं बटण एकदा दाबून टिपलेलं 'बंद' हवेत सोडलं होतं. आत पेटी आज्ञाधारकपणे 'पीप' वाजली आणि झोपी गेली.

भाची डोळ्यासमोरून दोनदा गेली. तिसऱ्यांदा तिने त्याला हातही हलवून दाखवला. मग पुढचं दार उघडून ती बाहेर आली. तिच्या हातात मावशीचा दागिन्यांचा डबा होता.

"तुला घर माहीत आहे, म्हणून," जावई म्हणाला.

"घर मला माहीत आहे. पेटीला मी माहीत नाही."

"बॅटरी उतरली असेल."

"उतरली असती, तर पेटी वाजली कशी असती?"

"पण असलं यंत्र चोराकडे कुठलं असणार?"

"मी दुकानातून आणलंय, भावोजी. दुकानदाराने मला चोर आहेस का, असं विचारलं नाही."

शेजारच्या अंगणातून परतलेल्या मावशीने डबा भाचीच्या हातातून काढून घेतला आणि ढब्बूला घरात नेलं. तेवढ्यात आश्रमाची गाडी आली. मीटर टेबलावर चालूच होता. ड्रायव्हरने फाटकाला हात लावला मात्र, दिवाणखान्याच्या खिडकीतून ढब्बूने असं काही तोंड सोडलं, की समोरच्या दोन्ही घरांतली माणसं बाहेर आली.

ड्रायव्हरने हात मागे घेतला. "ताई, हाच न्यायचाय? हा मला आत तर येऊ देईल का?"

"नाही देणार," मावशी म्हणाली, "आणि न्यायचाही नाही. जावईबापू, ती कडी कुठे ठेवलीत, ती शोधा आधी."

तिने कांबळं डोळ्याच्या बरोब्बर खाली अंथरलं. भाचीने मीटरवरचे आकडे वाचले. चोरी चालू असताना भोंगा: अडतीस डेसिबल, रिकाम्या खोलीत होते तेवढेच. ढब्बू: शहाण्णव.