घरगुती वापरासाठी

"अहो बाई, मुलगा माझाच आहे. घरचाच आहे," भूगोलाचे प्राध्यापक काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून म्हणाले.

"घरचा आहे, हे कबूल सर. पण विद्यापीठाचा नाही ना!"

प्राध्यापकांना नकाशे काढायचं सॉफ्टवेअर विद्यापीठानं दिलं होतं. तेच त्यांना आता मुलाच्या लॅपटॉपवर टाकून हवं होतं आणि मुलगा होता एका खासगी कंपनीत नोकरीला. बाईंनी रोजच्यासारखंच सगळं पहिल्यापासून सांगितलं. विद्यार्थ्याला शिकत असेपर्यंत मिळतं, शिक्षकाला आणि कर्मचाऱ्याला नोकरीत असेपर्यंत. घरच्या एका मशिनवरही टाकता येतं, पण ते वापरायचं ज्याचं त्यानंच, आणि त्याच्यावर कमाई करायची नाही. मुलगा, सून, जावई, शेजारी, कोणीच त्यात बसत नाही.

"मी न सांगता टाकलं असतं तर तुम्हाला कळलं असतं का?"

"नसतं कळलं. पण आता सांगून बसलात."

प्राध्यापक हसले. माणूस चिडका नव्हता. जाता जाता दारात थांबून म्हणाले, "घरी पण अशाच वागता का हो?"

"घरी मला विचारतंय कोण!" बाई म्हणाल्या, आणि पुढच्या विद्यार्थिनीचं ओळखपत्र हातात घेतलं.

संगणक केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टला लागून असलेल्या त्या खोलीत बाईंची निम्मी नोकरी गेली होती. सॉफ्टवेअर कोणाला द्यायचं, कोणाचं काढून घ्यायचं, कोणाची मुदत वाढवायची, हे त्यांचं काम. विद्यार्थी त्यांना मागे 'नाहीबाई' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. याहून वाईट नावं पडलेली माणसं त्याच इमारतीत होती, त्यामुळे त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही.

त्या दिवशी सर्व्हरच्या खोलीतलं थंड हवेचं यंत्र बंद पडलं आणि दुपारीच सगळ्यांना सुट्टी मिळाली. बाई घरी आल्या तर दारात दोन अनोळखी चपलांचे जोड. आतून कोणीतरी मोकळं हसल्याचा आवाज आला. तो भाऊजींचा होता. बाई चपला काढता काढता थबकल्याच. भाऊजी हसताहेत?

भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ते वर्षानुवर्षं ड्राफ्ट्समन होते. साहेब वारले, ऑफिस बंद झालं आणि भाऊजी घरी बसले. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, राहायला ते भावाकडेच. सुरुवातीला रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कामाच्या शोधात निघत. मग शर्टाची इस्त्री गेली, मग निघणंही गेलं. जेवायला हाक मारली की यायचे, ताट धुऊन ठेवायचे आणि खोलीत जायचे. सासूबाई त्यांच्या बंद दाराकडे बघून उसासे टाकायच्या. सगळ्या घराला त्या शांततेची सवय झाली होती.

आणि आज ते जेवणाच्या टेबलाशी घरातला लॅपटॉप उघडून बसले होते. शेजारी एक मध्यमवयीन जोडपं खुर्च्या ओढून पडद्यात डोकं घालून बसलेलं.

"इथं जिना घेतला ना, तर खालची ही जागा फुकट जात नाही," भाऊजी सांगत होते. "शिलाई मशीन इथं बसतं तुमचं. उजेड डाव्या बाजूनं येतो."

"बघा! हे तुमच्या लक्षात नव्हतं आलं," बायको नवऱ्याला म्हणाली.

भाऊजींचा उजवा हात माउसवर होता आणि डाव्या हाताची बोटं कळफलकावर न बघता पळत होती. एक भिंत सरकली, दार उलट्या बाजूला उघडलं, जिना वळला. बाई बघत राहिल्या. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्यांच्या चेहऱ्यावर वर्षभरात न दिसलेलं काहीतरी होतं.

"या वहिनी," भाऊजी म्हणाले. "ह्यांचं घर चाललंय."

जोडप्यातल्या बायकोनं टेबलावरचा छापील कागद उचलला. "फार छान झालंय हो. फक्त ही कडेची ओळ कसली? शैक्षणिक आवृत्ती का काय लिहिलंय."

"ती कापायची राहिली," भाऊजी पटकन म्हणाले. पोलादी पट्टी आणि ब्लेड घेऊन त्यांनी कागदाची कड सरळ कापून टाकली. कचऱ्याच्या टोपलीत तशाच अरुंद पट्ट्या आधीच पडलेल्या होत्या. बाईंनी त्या आठवडाभर बघितल्या होत्या आणि कसल्या म्हणून विचारलंही नव्हतं.

लॅपटॉप घरातला सामाईक असला तरी घरांची ड्रॉइंग्ज काढायचं ते सॉफ्टवेअर विद्यापीठाचं, बाईंच्या नावावर होतं. घरी कसं टाकायचं याच्या सूचना त्या सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी लिहीत, म्हणून आधी स्वतः टाकून बघितलेलं. ते भाऊजींच्या ओळखीचं होतं, इतकी वर्षं त्यांनी ऑफिसात तेच वापरलं होतं. अधूनमधून ते उघडून बसतात हे बाईंना दिसत होतं. हात चालू राहतोय, राहू दे, असं म्हणून त्यांनी तिकडे कानाडोळा केला होता.

जोडपं गेलं. बाईंनी चहा टाकला, दोन कप टेबलावर आणले आणि बसल्या.

"भाऊजी, हे काम तुम्ही पैसे घेऊन करताय?"

"मग फुकट करू?" ते हसले. मग वहिनींचा चेहरा बघून हसू गेलं. "का? काय झालं?"

"हे माझ्या नावावरचं आहे. घरी वापरायला दिलेलं. ते पण मलाच. ह्याच्यावर धंदा नाही करता येत."

"धंदा कसला वहिनी? एक घर. एक घर काढतोय मी."

"एक असो की दहा."

"कोण येणार आहे बघायला?"

"कोणी नाही येणार. पण मी तिथं बसून दिवसभर लोकांना काय सांगते? आणि घरी माझ्याच टेबलावर—"

"म्हणजे दिवसभर लोकांना नाही म्हणायचं आणि उरलेलं 'नाही' संध्याकाळी घरी आणायचं." भाऊजींचा आवाज चढला नव्हता. त्यांचा आवाज कधी चढतच नसे, हीच पंचाईत होती. "अर्धं झालंय त्यांचं घर. तेवढं पुरं करू द्या."

लग्न होऊन बाई या घरात आल्या तेव्हा त्यांना संगणक म्हणजे काय हे माहीत नव्हतं. विद्यापीठात जागा निघाली तेव्हा भाऊजी त्यांना आपल्या ऑफिसात घेऊन गेले होते. साहेब बाहेर पडले की ते आपली खुर्ची त्यांना देत आणि स्वतः मागे उभे राहत. माउस धरायला त्यांनीच शिकवलं. "घाबरू नका वहिनी, चावत नाही," असं म्हणाले होते. ही नोकरी, ही खोली, हा काउंटर, सगळं तिथून सुरू झालेलं.

"नाही भाऊजी," त्या म्हणाल्या. "काढायला लागेल."

भाऊजींनी चहा तसाच ठेवला आणि खोलीत गेले. दार त्यांनी आपटलं नाही. नीट लावून घेतलं.

नवरा कामावरून आल्यावर त्यानं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, घरातलंच माणूस आहे ते! महिन्याभरानं काढलं असतंस तर काय आभाळ कोसळणार होतं?"

"नसतं कोसळलं."

"मग?"

"मग काही नाही. मला जमलं नसतं."

सासूबाई भांडल्या नाहीत. त्या नुसत्या सुनेच्या हातून काही घेईनाशा झाल्या. पाणीसुद्धा स्वतः उठून घ्यायच्या.

दुसऱ्या दिवशी बाई संचालकांच्या केबिनमध्ये गेल्या. झालं ते सांगितलं. संचालक वाचता वाचता थांबले. "बाई, हे असं येऊन कोण सांगतं? काढून टाकलंत ना? झालं तर. मी काही ऐकलं नाही."

"ऐकलंत सर. दुसऱ्या कोणाचं कळलं असतं तर आपण घरची परवानगी रद्द केली असती. माझी पण करायला हवी."

संचालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "घरी त्रास झाला का?"

"झाला."

"बरं. करा रद्द," ते हळूच म्हणाले.

ते काम करायचं होतं अर्थातच बाईंनीच. त्यांनी यादीत स्वतःचं नाव शोधलं, खूण काढली आणि मिनिटभरात त्यांच्याच मेलवर पत्र आलं. मजकूर त्यांनीच कधीकाळी लिहिलेला होता. 'आपण अटींचे उल्लंघन केल्याने आपली घरगुती वापराची परवानगी तात्काळ रद्द करण्यात येत आहे. याबाबत कोणताही पत्रव्यवहार केला जाणार नाही.' इतक्या जणांना हे पत्र गेलं होतं आणि वाचायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली. कोणी पाठीवर दार लावावं तसं वाटलं. त्यांनी पत्राच्या मूळ मसुद्यातलं शेवटचं वाक्य खोडलं आणि तिथं लिहिलं, 'काही अडचण असल्यास दुसऱ्या मजल्यावर येऊन भेटावे.'

भाऊजींनी माळ्यावरून जुना ड्रॉइंग बोर्ड काढला. टेबल त्यानं पुरतं व्यापलं, घरच्यांनी ताटं मांडीवर घेऊन जेवायला सुरुवात केली. कोणी तक्रार केली नाही. ते उभ्यानं काढत. शाईची रेघ अजून एकसारखी यायची, पण एका पानाला आठवडा गेला. ते जोडपं आलं, कागद बघून बायको म्हणाली, "किती सुरेख! फ्रेम करून लावावं असं." पण नवरा खाली बघत म्हणाला, "साहेब, मंजुरीच्या ऑफिसात कागद चालत नाही हो. फाइलच मागतात. आम्ही दुसरीकडे दिलंय काम."

"बरोबर आहे," भाऊजी म्हणाले. त्यांनी कागदाची गुंडाळी केली, रबर लावलं आणि त्याच्या बायकोच्या हातात दिली. "राहू दे तुमच्याकडे."

बाई स्वयंपाकघरात होत्या. हातातलं भांडं त्यांनी कितीतरी वेळ घासलं.

नंतर भाऊजी एका झेरॉक्सच्या दुकानात लागले. दिवसभर दुसऱ्यांची ड्रॉइंग्ज मोठ्या मशिनमधून काढून द्यायची. इस्त्रीचा शर्ट परत आला, पण वहिनींशी बोलणं कामापुरतंच राहिलं. पूर्वी संध्याकाळी दोघं चहा बरोबर घेत, ते बंद झालं ते झालंच.

बाईंनी मधल्या काळात एक गोष्ट केली होती. घर आखायचं एक मोफत सॉफ्टवेअर त्यांनी लॅपटॉपवर आणून ठेवलं होतं. भाऊजींना एकदा सांगितलंही. "फुकटचं काय कामाचं?" म्हणून ते निघून गेले होते. बाईंनी पुन्हा विषय काढला नाही. पण सुट्टीच्या दिवशी त्या स्वतःच उघडून बसत. एक खोली काढत, ती वाकडी होई, पुसत, परत काढत.

अशाच एका रविवारी भाऊजी पाणी प्यायला आले आणि मागे थांबले.

"भिंतीला जाडी नाही दिलीत," ते म्हणाले.

"कुठं देतात तेच सापडत नाहीये."

"सरका."

बाई उठल्या, खुर्ची दिली. डावा हात सवयीनं कळफलकावर गेला, पण इथल्या कळा वेगळ्या होत्या. भिंतीच्या जागी वर्तुळ आलं. भाऊजी चुकले, परत चुकले, "छे!" म्हणाले, पण उठले नाहीत. पन्नाशीच्या माणसानं अक्षरं नव्यानं गिरवावीत तसं ते चाललं होतं. दुपार अशीच गेली. मग प्रत्येक रविवार तसाच जाऊ लागला. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला दुकानाच्या मागे न्हाणीघर वाढवायचं होतं, ते काम भाऊजींनी घेतलं. चार भिंती, एक खिडकी आणि पाण्याची टाकी. एवढंच.

पुरं झाल्यावर त्यांनी वहिनींना हाक मारली. कित्येक महिन्यांनी.

"हे विकलं तर चालतं ना? आत्ताच काय ते सांगा. नंतर नको."

"चालतं. मी बघितलंय."

"मला वाचून दाखवा."

बाईंनी अटी उघडल्या आणि पहिल्या ओळीपासून वाचून, मराठीत करून सांगायला लागल्या. कोणीही वापरू शकतो. कोणत्याही कामासाठी. घरी, दारी, धंद्यासाठी. दुसऱ्याला देऊ शकतो. भाऊजी मान खाली घालून, हात जुळवून ऐकत होते. सासूबाई येऊन दारात टेकल्या. मध्येच भाऊजी म्हणाले, "ते कोणत्याही कामासाठीचं परत वाचा." बाईंनी परत वाचलं.

"म्हणजे कडेला ओळ येणार नाही."

"नाही."

भाऊजींनी चित्र खाली सरकवलं. उजव्या कोपऱ्यात रिकामी चौकट होती, आखणाऱ्याच्या नावाची. ते तिच्याकडे बघत राहिले. "साहेबांच्या ऑफिसात इथं साहेबांचंच नाव असायचं," ते म्हणाले. "सगळ्यावर. मी काढलेल्या शाळेवर पण."



भाऊजींनी एका बोटानं एकेक अक्षर शोधत नाव लिहिलं. आधी आपलं, मग वडिलांचं, मग आडनाव. एक वेलांटी चुकली होती ती सुधारली. मग हात मांडीवर ठेवून ते नुसते बसून राहिले.

गॅसवर ठेवलेलं दूध उतू गेल्याचा वास आला. सासूबाई म्हणाल्या, "जा गं, बघ," आणि स्वतः मात्र दारातून हलल्या नाहीत.