एंटरवरची घंटी

वाडीतल्या दूध डेअरीच्या सचिवांना, उदयसिंहांना, एका गोष्टीची फार चीड. दोन मिनिटं हात लावला नाही की कॉम्प्युटरचा पडदा काळा होई आणि पासवर्ड मागे.

"ही काय तिजोरी हाय व्हय? दर घडीला ह्याची मनधरणी करायची!"

कॉम्प्युटरवर दुधाच्या पावत्या करणारी अनुजा गप्प असे. पासवर्ड तिचा, प्रत्येक पावतीखाली नावही तिचंच. खुर्चीवरून उठताना ती पडदा बंद करूनच उठे. नवरात्रात तर संध्याकाळच्या आरतीपर्यंत तिचं मौन. सचिव त्यालाही हसत. घट बसल्यापासून ते स्वतः अनवाणी हिंडत. देवीला तळपाय दिसावेत, दुधात पाणी ओतणारे हात दिसू नयेत, एवढीच त्यांची भक्ती.

पाचव्या माळेला सकाळी ती शेजारच्या देवळात देवीला फुलं वाहायला उठली, तसं त्यांनी अडवलं.

"थांब की! पडद्यावर अंबाबाईचा फोटू हाय. नंदादीप विझू देत न्हाईस, आन् देवीला अंधारात कोंडतीस? कसली गं भक्तीण तू!"

तिच्या पूजेच्या ताटातली पितळी घंटी उचलून त्यांनी एंटरच्या बटणावर ठेवली. बटण दाबलेलं, पडदा जागा. स्वतःच्या अकलेवर खूश होऊन त्यांनी मांडीवर थाप मारली.

नैवेद्यावर बसलेल्या माशीकडे बघावं तसं अनुजानं त्यांच्याकडे बघितलं. पण देवीचं नाव पुढं केल्यावर मौनात भांडणार कशी? ती गेली.

परत आली तर रांगेत गलका. पहिलं दूध सचिवांच्या घरचं, फॅट तीन. त्यानंतर दाबलेल्या एंटरनं दूध तपासायला सवडच दिली नव्हती; तोच आकडा पुढच्या प्रत्येकाच्या नावावर चढला होता.

रांगेतल्या चिमणाबाईनं कुणाचीच किटली ओतू दिली नव्हती. ती पावती नाचवत होती.

"ह्यांच्या घरच्या पाण्याला तीन, आन् माझ्या म्हशीच्या दुधालाबी तीनच?"

"मला काय इचारतीस?" सचिव म्हणाले. "खाली नाव बघ की. अनुजाचं हाय."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. अनुजा पुढं झाली, घंटी उचलली. ती खणकन वाजली. मग तिनं चिमणाबाईचं दूध पुन्हा तपासलं.

साडेसात.

चिमणाबाईनं घंटीकडे बघितलं, मग सचिवांकडे.

"म्हंजे तीन तेवढं तुमचंच खरं म्हनायचं, पावणं!"

गावातल्याच माणसाला पावणं! रांग खदखदली.

सगळ्यांचं दूध पुन्हा तपासून झाल्यावर अनुजानं पडदा बंद केला. सचिव खुर्चीजवळ वाकले.

"पासवर्ड सांग की गं. माझी नोंद तेवढी..."

अनुजानं ओठांवर बोट ठेवलं. आरतीला अजून अख्खा दिवस होता.