सुरीला पोट हवं की नको

माझी सुरी घासून घासून बोटभर रुंदीची उरली होती, आणि तीही मधोमध आत गेलेली. घरात तिला 'बाईची जीभ' म्हणायचे. मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा सासूबाईंनी ती लोहाराकडून करवून घेतली होती.

यंदा ती मोडली. पुतण्या धम्मरत्न वणीला कोळशाच्या ट्रकवर आहे. त्यानं ट्रकच्या चाकावरच्या जुन्या कमानपाट्याचा एक तुकडा आणून दिला. अशा पोलादाची धार लवकर जात नाही. पण तुकडा एक, सुरी एक, आणि स्वयंपाकघरात बायका दोन: मी आणि माझी धाकटी जाऊ विमल.

उकंडा लोहाराच्या भट्टीसमोरच आमची जुंपली.

"रुंद कर, उकंडा," विमल म्हणाली. "चांगली पोटाची. कांदा चिरला का पात्यावरच उचलून कढईत."

"त्याले सुरी नाही, फावडं म्हणतात," मी मोडकी सुरी पुढे करत म्हटलं. "हे पाह्य, जुनं वळण. मधी कसं आत गेलं आहे. जुन्या लोकायले समजत होतं."

"सुरीले कंबर कायले पायजे वं बाई? नाचवाची आहे का तिले?"

उकंडानं भाता थांबवला. "बाप्पा, भांडू नका. माहा बाप घराघराच्या सुरीचा पत्र्याचा नमुना कापून ठेवे. तुमचा असंल तर तशीच करतो."

"कर मंग," विमल तणतणत म्हणाली आणि समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेली. मी जिंकले होते.

उकंडानं खिळ्यावरचे गंजके पत्रे चाळले. एकावर सासूबाईंचं नाव कोरलेलं होतं, भागीरथा. मी त्यावर माझी सुरी ठेवली. लग्नातल्या चोळीत वाळलेली म्हातारी शिरावी तशी ती दिसली. नमुना चांगला रुंद, भरल्या पोटाचा होता. ती कंबर लोहाराची नव्हतीच. मीच दगडावर घासून घासून आणली होती.

"हसू नको, उकंडा."

"हसून नाही राह्यलो, आजी. धूर गेला नाकात."

विमल चहा घेऊन येताना दिसली. मी पत्रा पदराखाली सारला. "विमल, तू धाकटी. तुह्याच मनासारखी करू दे रुंद."

तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही आला, बाई?"

सुरी झकास झाली. विमल आळीभर माझ्या मोठ्या मनाचं कौतुक सांगत फिरली. मीही ते निमूटपणे ऐकून घेतलं. मग बुद्धपौर्णिमेच्या जेवणासाठी बायका आमच्या घरी वांगी चिरायला बसल्या, तेव्हा ती सगळ्यांना म्हणाली, "जुन्या लोकायले असं कुठं सुचत होतं? आमच्या सासूले तं सुरीतलं काहीच समजत नव्हतं."

मला राहवेना. डाळीच्या डब्यामागे लपवलेला पत्रा काढला आणि तिच्यापुढे आपटला. तिनं त्यावर नवी सुरी ठेवली. तंतोतंत बसली; उकंडानं नमुन्याचं माप डोळ्यांत ठेवलं होतं तर. मग तिनं कोरलेलं नाव वाचलं. आता तोंड पडणार म्हणून मी तिच्याकडे टक लावून बघत राहिले.

विमलनं पत्रा पदरानं पुसला आणि सगळ्या बायकांना उंच धरून दाखवला.

"पाहा वं," ती म्हणाली. "या घरात सासूबाईची खरी सून कोण आहे ते!"