अर्ध्या वाक्यावरचा धोटा

घरी येणारी लहान मुलं मला होडी समजतात. दोन्ही टोकांना निमुळता आणि मध्ये पोकळ दिसतो मी, त्यामुळे त्यांची काही चूक नाही. पण मित्रांनो, मी होडी नव्हे. मी हातमागाचा जुना धोटा आहे. सगळा जन्म सोलापुरात गेला, त्यामुळे पाणी मी पाहिलं ते नळाचंच, आणि तेही नळाला येईल त्या दिवशी.

सुतारानं मला कठीण लाकडातून घडवलं आणि टोकांना लोखंडी टोप्या चढवल्या, तेव्हा भवानी पेठेत गल्लोगल्ली माग चालत. चन्नप्पा नावाच्या विणकरानं मला विकत घेतलं. तो माझ्या पोटात सुताची कांडी बसवायचा आणि मागाच्या उभ्या धाग्यांमधून मला इकडून तिकडे पळवायचा. माझ्या मागे आडवा धागा सुटत जाई आणि बघता बघता चादर तयार होई. लोक चादरीवरून हात फिरवत, रंगाचं कौतुक करत. धोट्याचं कौतुक कुणी करत नाही. सुरुवातीला वाईट वाटायचं, मग तेही वाटेनासं झालं.

चन्नप्पाच्या कामाची एक रीत मात्र तुम्हाला सांगायलाच हवी. विणून झालं तरी तो मागावरचे उभे धागे पुरते कधी काढत नसे. वीतभर तसेच ठेवायचा आणि नव्या धाग्याचं एकेक टोक जुन्या टोकाला पिळून जोडायचा. त्याची मुलगी शकुंतला शाळेतून आली की मागापाशी फतकल मारून बसायची. एकदा तिनं विचारलं, "अप्पा, जुनं सगळं कापून नवं का लावत न्हाईस?"

"मग एकेक धागा मागाच्या फणीतनं परत ववत बसावं लागंल की," चन्नप्पा म्हणाला. "जुनं थोडं ठिवलं, की नवं त्येच्या मागनं आपसूक आत येतंय."

पुढे यंत्रमाग आले, चन्नप्पाचा माग थांबला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथली वर्षं काही सांगण्यासारखी नाहीत. चन्नप्पा गेल्यावर शकुंतलानं मला खाली उतरवलं, पदरानं पुसलं आणि जुळे सोलापूर भागातल्या आपल्या घरी नेलं. तोवर ती शाळेत शिकवून निवृत्त झाली होती आणि गोष्टी लिहायला लागली होती. इथल्या उन्हाळ्यात पंख्याशिवाय बसवत नाही आणि पंख्याखाली कागद थाऱ्यावर राहत नाहीत. म्हणून मी कागदांवर आलो. मला नोकरी लागली म्हणा ना!

लिहिण्याची तिची पद्धत बापाचीच होती. संध्याकाळी उठताना ती शेवटचं वाक्य मुद्दाम अर्ध्यावर सोडायची. पुढे काय ते सुचलेलं असलं तरी लिहायची नाही. त्या अर्ध्या वाक्यावर मला ठेवायची आणि भाकरी टाकायला जायची. सकाळी तिथूनच पुढे धागा जोडायचा. अशा जोडण्या करत तिची दोन पुस्तकं निघाली. मला वाटे, यात सगळी करामत बापाच्या रीतीची आहे, आणि थोडीफार माझी.

सकाळच्या कारभारात आणखी एक माणूस होता, तिचा नवरा शिवलिंगप्पा. कचेरीत कारकुनी करून तोही घरीच बसला होता. मनाचा इतका हळवा, की टीव्हीवरच्या मालिकेत कुणाचं लग्न मोडलं तरी ह्याचा रुमाल ओला. चहाचा कप घेऊन तो टेबलापाशी यायचा, मला उचलून बाजूला ठेवायचा, अर्धं वाक्य वाचायचा आणि पुढचं सांगून टाकायचा.

"मास्तरीणबाई, हितं ती बाई रडती बघा."

"न्हाय रडत."

"मग मरती?"

"तुमचं रोजचंच चुकतंय. सरका, बसू द्या मला."

"मग बरोबर काय हाय ते लिवा की!" असं म्हणून तो हसत हसत पेपर वाचायला जाई आणि ती लिहायला बसे. मला त्याची ही लुडबुड आवडत नसे. चहाचे थेंब माझ्यावर सांडत.

तिसरी कादंबरी वळसंग गावच्या बजाबाईची होती. बजाबाईचा मुलगा शिवराज भांडून घर सोडून गेलेला, कितीतरी वर्षांनी परत येतो. एका संध्याकाळी शकुंतलानं लिहिलं, 'बजाबाईनं दार उघडलं आणि'. तिथं थांबली, मला ठेवलं आणि दिवा मालवला. सकाळी शिवलिंगप्पा चहाला उठला नाही. झोपेतच गेला.

मित्रांनो, त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण त्या वर्षात काही घडलंच नाही. शकुंतला रडली नाही. लोक आले, त्यांना तिनं चहा दिला. कुणी धीर दिला की ती "बरं" म्हणायची, जेवायला बोलावलं की "बरं" म्हणायची आणि जेवायची. आतून सगळं बधिर झालं होतं. रोज ती टेबल पुसायची, मला उचलायची, खालची धूळ झटकायची आणि पुन्हा त्याच अर्ध्या ओळीवर ठेवायची. वाचायची मात्र नाही. कागद पिवळा पडला, माझ्याखाली तेवढा पांढरा राहिला. मीही तसाच पडून होतो. वाट बघतोय असंही म्हणवत नाही, कारण कशाची ते मला ठाऊक नव्हतं.

मग तिची मुलगी दानेश्वरी पुढे झाली. ती बँकेत नोकरी करते, जवळच राहते. आईची ही दशा तिला बघवेना. "अव्वा, अप्पाच्या पहिल्या पुण्यस्मरणाला तुझं पुस्तक काढू या. कादंबरी झालीच आहे की, एका वाक्यासाठी अडलीय," ती म्हणाली. आई म्हणाली, "बरं."

दानेश्वरीनं सगळे कागद नेऊन कॉम्प्युटरवर उतरवले. मला तिनं खिडकीत रद्दीवर ठेवलं. काही दिवसांनी छापील प्रत घेऊन ती आली. दुपारी प्रकाशकाचा माणूस ती न्यायला येणार होता. आईनं एकदा "बरं" म्हटलं की काम झालं, आणि आई तर सगळ्यालाच "बरं" म्हणत होती. खिडकीतून बघताना मी पहिल्यांदा घाबरलो. अर्ध्यावर सोडलेली बजाबाई आता तशीच बाजाराला जाणार, असं वाटलं.

"शेवटचं तेवढं मी पुरं केलंय, अव्वा. बघ तरी एकदा," दानेश्वरी म्हणाली आणि तिनं स्वतःच वाचून दाखवलं. "बजाबाईनं दार उघडलं आणि तिला रडू कोसळलं."

शकुंतलानं मान वर केली.

"न्हाय," ती म्हणाली.

"काय न्हाय?"

"बजाबाई रडत न्हाय." आवाज मोठा नव्हता, पण वर्षभरात "बरं" सोडून निघालेला तो पहिला शब्द होता. "पेन दे. आण हिकडं ते."

तिनं दानेश्वरीचे शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'उंबऱ्यात वाळत घातलेल्या शेंगा हातानं बाजूला सारल्या, त्याला पाय ठेवायला जागा व्हावी म्हणून.' लिहिता लिहिता तिचा हात थांबला. लेकीकडे बघत ती म्हणाली, "अगदी तुझ्या अप्पासारखी चुकलीस गं."

आणि ती हसली. हसता हसता रडू लागली, आणि मग किती तरी वेळ दोघी मायलेकी रडत होत्या. प्रकाशकाचा माणूस आला तेव्हा दानेश्वरीनं त्याला दारातूनच परत पाठवलं.

तेव्हा कुठे माझ्या लाकडी डोक्यात उजेड पडला. अर्धं वाक्य नुसतं ठेवून भागत नव्हतं. सकाळी कुणीतरी येऊन त्याचं पुढचं चुकीचं सांगायला हवं होतं. ते चुकलं की शकुंतलाला खरं काय ते दिसायचं. शिवलिंगप्पा रोज ते काम करत होता, आणि मी मात्र त्याच्या चहाच्या थेंबांवर रुसून बसलो होतो.

संध्याकाळी तिनं मला रद्दीवरून उचललं आणि एका नव्या ओळीवर ठेवलं. 'शिवराज आत आला, पण' एवढंच तिथं आहे. आता दानेश्वरी रोज बँकेत जाण्याआधी येते, उभ्या उभ्या चहा घेते, मला बाजूला करते आणि काहीतरी सांगते. तेही रोज चुकतं.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, मला तेलपाणी करा, असं मी म्हणणार नाही. माझं काय, मी लाकूड आहे. पण तुमच्या घरात कुणी असं अर्ध्यावर थांबून राहिलं असेल, तर लांबून धीर देत बसू नका. जवळ जा आणि विचारा, "पुढं काय झालं?" ते गप्प राहिले तर तुम्हीच काहीतरी सांगून बघा. चुकलं तरी चालेल. चहा माझ्यावर सांडला तरीही आता माझी काही हरकत नाही.