खातूनबीच्या पिवळ्या शेवया

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका खेड्यात, १९३४ साली, पारावर पोटुश्या बायांची रांग लागली होती. तुंबडीबाबा त्यांच्या पोटातले जंत ओढून काढत होते. शिंगाची तुंबडी लुगड्यावरूनच पोटाला टेकवायची, दुसऱ्या टोकाने 'सूं' करून ओढायचं आणि कुंकवाच्या पाण्याच्या परातीत थुंकायचं. परातीत वीतभर जंत! तो वळवळत का नाही, असं कुणी विचारलंच तर बाबा सांगत, मंत्राने वाटेतच मेला. गर्दी हात जोडी.

बाबा भलते निरिच्छ. दक्षिणा नको, धान्य नको; शिधा फक्त शेवयांचा. साऱ्या गावाच्या शेवया खातूनबी वळून देई, त्यामुळे तिलाही बाबांबद्दल आदर होता.

तो आदर शेजारच्या सिंधुबाईचा नंबर लागेपर्यंत टिकला. सिंधुला सातवा महिना. पहिलं मूल सातव्यातच गेलेलं. ओठ पांढरे, चार पावलांत धाप. पिंपळगावच्या डॉक्टरांनी रक्तवाढीसाठी लोहाची बाटली दिली होती. बाबांनी तीन जंत काढताच सासू कुसाबाईने ती उकिरड्यावर ओतली आणि उरलेले जंत काढायला पुढचा सोमवार ठरवला.

खातूनबीने मात्र जंत निरखून पाहिला. टोकाला चपटा चिमटा होता. शेवई तोडताना अंगठ्याने असा चिमटा काढणारी गावात ती एकटीच.

पुढच्या शिध्याच्या पिठात तिने मूठभर हळद मळली.

सोमवारी बाबा नेहमीप्रमाणे अंधाऱ्या खोलीतलं ध्यान आटोपून पारावर आले. तुंबडीच्या वेळी त्यांचं मौन असे. सिंधु पुढे बसली. खातूनबी तांब्या घेऊन उभी राहिली.

"बाबा, आधी चूळ भरा."

बाबांनी मान हलवून नकार दिला.

"अवो, सातव्या महिन्याच्या बाईला उष्ट्या तोंडानं शिवायचं नसतं. कुसाबाई, खरं हाय का नाय?"

उष्ट्याखरकट्याच्या बाबतीत कुसाबाई प्रत्यक्ष देवालाही सोडत नसे. तिने तांब्या बाबांच्या हातातच दिला. बाबांनी तोंडातलं गिळून पाहिलं, ठसका लागला, आणि परातीत तीन जंत पडले. पिवळेधमक. तुंबडी अजून जमिनीवरच होती.

"माते," बाबा सावरत म्हणाले, "हा पित्ताचा जंत..."

"आसंल. पण तो तुमच्या तोंडातून आला," खातूनबी शांतपणे म्हणाली. "बाबा, तुमाला कितवा महिना?"

हसणं ओसरायच्या आत तिने पदराला बांधून आणलेली पिवळी शेवई परातीत टाकली. जरा भिजल्यावर जंत कुठला आणि शेवई कुठली, ते कुसाबाईलाही सांगता येईना. बाबा शिधा टाकून मालेगावच्या मोटारीत बसले.

नवी बाटली आणायला कुसाबाई स्वतः गेली. डॉक्टरांनी समजावलं की खरा अंकुशकृमी जेमतेम नखाएवढा असतो. शौचाच्या घाणीतून त्याच्या अळ्या मातीत उतरतात, अनवाणी तळव्यातून अंगात शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. सिंधुला वहाणा घ्या, शौचाला खड्डा खणा, लोह चुकवू नका. जंताचं औषध कधी द्यायचं ते मी सांगेन.

दसऱ्याच्या सुमारास सिंधुला मुलगी झाली. तिचं रडणं पारापर्यंत ऐकू येई. बारशाला खीर होती. शेवया अर्थातच पिवळ्या.

तेव्हा मंडळी, कुणी तुमच्या पोटातून काही काढून दाखवू लागला, तर खुशाल नमस्कार करा. फक्त आधी त्याला चूळ भरायला सांगा.