काटा आणि कान

शैलाताईंचं डोकं कित्येक दिवस ठणकत होतं, आणि त्यांच्या नवऱ्याच्या मते ते दुखणं नव्हतंच, तो स्वभाव होता.

"तुझं बीपी माझ्यापेक्षा चांगलं आहे," रमणराव म्हणायचे. "चिडचिड कमी कर. झालं."

हे ऐकून कोणाचं डोकं थंड राहील? क्लिनिकमधल्या नर्सला बीपी जास्त लागलं होतं. तिने सांगितलं, थोडे दिवस घरी रोज बघा, आकडे कळवा आणि परत या, मग गोळीचं डॉक्टर ठरवतील. मुलगा अमेय लगेच बॅटरीवरचं यंत्र आणायला निघाला, तर रमणरावांनी त्याला दारातच अडवलं. जन्मभर पुण्याच्या कारखान्यात मीटर तपासलेला माणूस तो, आपोआप आकडा दाखवणाऱ्या डबीवर विश्वास ठेवणार होय! त्यांनी बॅगेतून स्वतःचं जुनं यंत्र काढलं: दंडाला गुंडाळायचा पट्टा, दाबायचा रबरी फुगा, काट्याची तबकडी आणि स्टेथोस्कोप. ठोका ऐकू यायला लागला की वरचा आकडा, थांबला की खालचा. सोपं आहे, ते म्हणाले.

तेव्हापासून मुलाच्या परदेशातल्या, टाकानिनीतल्या त्या नव्याकोऱ्या घरात, अमेय ईस्ट टामाकीला कामावर गेला की हा सोहळा व्हायचा. शैलाताईंनी हात पुढे करायचा, बोलायचं नाही, हलायचं नाही. लग्न झाल्यापासून त्यांना याची सवय होतीच म्हणा. आणि रोज निकाल एकच, उत्तम!

काल तर रमणरावांनी क्लिनिकला परस्पर फोन केला. समोरच्या मुलीला एक शब्द बोलू न देता "ऑल गुड, स्वीट ॲज", म्हणजे सगळं झकास, असं इथल्या थाटात म्हणून अपॉइंटमेंट रद्द करून टाकली. फोनवर ते असेच बोलायचे. इथली माणसं तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, अशी त्यांची तक्रार होती. टीव्ही मात्र इतका मोठा लावायचे की शेजारीण कुंपणावरून दोनदा सांगून गेली होती.

आज सकाळी शैलाताई आतून धुमसतच सोफ्यावर बसल्या. पट्टा आवळला. रमणरावांनी फुगा दाबला, हवा सोडली, भुवया आक्रसून काट्याकडे बघत बसले. तेवढ्यात स्टेथोस्कोपची चकती कोपराच्या खळगीतून घसरली आणि सोफ्यावर पडली. शैलाताई सांगणार होत्या, पण बोलायचं नाही ना! रमणराव गंभीरपणे मान डोलावत होते.

"एकशे अठ्ठावीस. खालचं ब्याऐंशी. उत्तम!"

शैलाताईंनी चकतीकडे बघितलं. मग नवऱ्याकडे.

"काय ऐकलंत?"

"हं?"

"काय ऐकलंत, विचारते! सोफ्याची नाडी?"

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी नवऱ्याच्या कानातून स्टेथोस्कोप ओढून स्वतःच्या कानात घातला आणि चकती कोपरावर घट्ट दाबली.

"फुगवा."

"अगं, तुला त्यातलं काय कळतंय?"

"फुगवा म्हणते ना!"

काटा वर गेला आणि सावकाश उतरू लागला. एकशे ऐंशीच्याही वर असतानाच ठोका सुरू झाला, कोणी दार ठोठावावं इतका स्पष्ट. एकशे अठ्ठावीसला तर नुसता दणदणाट चालला होता.

शैलाताईंनी आकडा सांगितला, तशी रमणरावांनी तबकडी खाली ठेवली. म्हणाले, "मला तो आवाज येत नाही. सांगितलं असतं तर अमेयने लगेच कानाचं मशीन आणलं असतं. म्हातारा ठरवलं असतं मला."

"आणि तुमच्या कानाची अब्रू राखायला माझा जीव टांगणीला?" शैलाताई कडाडल्या. "डोकं फुटतंय म्हणून सांगत होते, तर स्वभाव! उद्या मी आडवी झाले असते, तरी हात धरून उत्तमच म्हणाला असतात!"

"हळू बोल गं, शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! त्यांना ऐकू तरी येतं!"

त्यांनी दंडावरचा पट्टा उपटून काढला आणि क्लिनिकला फोन लावला. आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी आकडा सांगितला, डोक्याचं सांगितलं. नर्सचा आवाज एकदम बदलला. ताबडतोब निघा, ती म्हणाली, आणि इतके दिवस घरी बीपी कोण बघत होतं?

रमणराव समोरच उभे होते, गाडीची किल्ली हातात घेऊन.

"नोबडी," शैलाताई म्हणाल्या, इतक्या मोठ्याने की ते रमणरावांनाही ऐकू गेलं.